एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगताना

कीर्तनकार बुवा सुदाम्याचे आख्यान दहा गावी लावतात. एका गावी ते अर्ध्या तासात आटोपते, दुसऱ्या गावी त्याच मूठभर पोह्यांना दीड तास लागतो. कुठे एखादा दृष्टांत गळतो, कुठे नवा भरतो. ऐकणाऱ्यांची त्याला हरकत नसते. पण घरात आजी नातवाला चिऊकाऊची गोष्ट सांगत असते आणि चुकून तिच्या तोंडून चिमणीचे घर शेणाचे होऊन जाते. लगेच नातू उठून बसतो. "नाही गं आजी, चिमणीचं मेणाचं! शेणाचं कावळ्याचं!" आजीने ती गोष्ट जन्मभर सांगितलेली असते, पण आता ती तिच्या एकटीची राहिलेली नसते. ऐकणाराही तिचा राखणदार झालेला असतो.

छापलेल्या गोष्टीच्या बाबतीत हा राखणदार अधिकच जागा असतो. त्यातही जी गोष्ट एकदम पुस्तकरूपाने न येता मासिकातून किंवा साप्ताहिकातून थोडी थोडी येते, तिच्या बाबतीत तर फारच. ‘क्रमशः’ हा शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यातूनच प्रकरणाप्रकरणाने वाचकांपुढे ठेवली. अशा गोष्टीची पुढची प्रकरणे येईपर्यंत लोक तिच्यावर बोलतात, तर्क करतात. कित्येक घरांत अंकातली पाने कापून, दोऱ्याने शिवून त्यांचे पुस्तक करून ठेवीत. म्हणजे गोष्ट लिहून पुरी होण्याआधीच ती घरातली झालेली असते.

आता अडचण अशी की लिहिणाऱ्याला मागाहून वाटते, हे काही बरोबर जमले नाही. अमुक प्रसंग नको होता, तमुक माणसावर अन्याय झाला, शेवट घाईचा झाला. पुस्तक लिहिणारा शेवटचे पान संपवून पहिल्या पानाकडे परत जाऊ शकतो. हप्त्याहप्त्याने लिहिणाऱ्याचे पहिले पान मात्र केव्हाच लोकांच्या घरी जाऊन पडलेले असते. मग त्याने करायचे काय? त्याला गोष्ट सुधारण्याचा हक्क आहे का? आहे, जरूर आहे. पण ज्यांनी आधीची गोष्ट मन लावून वाचली त्यांचेही काही देणे तो लागतो. आजच्या भाषणात हा हक्क आणि हे देणे, दोन्ही कसे सांभाळायचे ते पाहू. उदाहरणे थोडी, पण खरी घेऊ.

पहिले उदाहरण गोष्ट चालू असतानाचे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी १८४९ आणि १८५० ह्या दोन वर्षांत दरमहा एकेक भाग अशी निघत होती. १८४९ च्या डिसेंबरच्या भागात मिस माउचर नावाची एक ठेंगणी बाई आली. श्रीमंतांच्या घरी जाऊन केस आणि चेहरा नीट करून देणारी, तोंडाने फटकळ, वागण्यात जरा संशयास्पद. तो भाग बाहेर पडला आणि डिकन्सच्या शेजारच्या एका ठेंगण्या बाईने त्यात स्वतःला ओळखले. तीही लोकांचे हातपाय, नखे यांची निगा राखून पोट भरणारी. तिने डिकन्सला पत्र लिहिले. आपले व्यंग जगापुढे मांडून आपल्याला हिणवले, हे तिचे दुःख होते.

डिकन्सला छापलेला भाग परत घेता येत नव्हता. मग त्याने काय केले? त्याने तिची समजूत घातली आणि पुढच्या भागांत मिस माउचरला चांगले वळण देण्याचे कबूल केले. त्याप्रमाणे १८५० च्या मार्चच्या भागात ती पुन्हा आली ती प्रामाणिक, कनवाळू बाई म्हणून. वरून थट्टेखोर दिसणाऱ्या ठेंगण्या माणसाच्या मनात काय असते ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले. मागचे पान तसेच राहिले, पण पुढच्या पानाने त्याचा अर्थ बदलला. यातून एक साधा नियम हाती लागतो. गोष्ट चालू असताना चूक ध्यानात आली तर मागे जाऊन खोडत बसू नये, पुढे जाऊन दुरुस्त करावी. वाचक तुमच्याबरोबर पुढे चालला आहे. त्याला वाटेत सोडून तुम्ही मागच्या मुक्कामाला गेलात तर दोघांची चुकामूक होईल.

दुसरे उदाहरण जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे. ते थॉमस हार्डीच्या ‘टेस’ ह्या कादंबरीचे. ही गोष्ट इंग्लंडच्या डॉर्सेट भागातल्या एका गरीब खेडवळ मुलीची. टेस शेतावर राबणारी, गाईंच्या धारा काढणारी. पैसेवाला अ‍ॅलेक तिला नासवतो. तिला मूल होते. ते आजारी पडते, त्याचा बाप्तिस्मा झालेला नसतो, म्हणून ही कोवळी आई मध्यरात्री धाकट्या भावंडांना उठवून स्वतःच त्याचा विधी करते. मूल जाते. पुढे एंजल क्लेअर नावाचा शिकलेला तरुण तिच्याशी लग्न करतो. लग्नाच्या रात्री तो आपल्या आयुष्यातली एक जुनी चूक सांगतो, टेस त्याला क्षमा करते. मग ती आपली कहाणी सांगते आणि तो तिला टाकून जातो. पुरुषाला एक माप आणि बाईला दुसरे, हा ह्या कादंबरीचा गाभा आहे. तो आपल्याला परका नाही.

ही गोष्ट आधी एका वृत्तपत्रसंस्थेने घ्यायचे ठरवले होते. मजकूर पाहिल्यावर १८८९ मध्ये तिने तो करार सोडून दिला. नंतर दोन मासिकांनी नकार दिला. घरातली बायकामुले वाचतात, त्यांच्यापुढे हे कसे ठेवायचे, ही त्यांची भीती. शेवटी ‘ग्राफिक’ ह्या सचित्र साप्ताहिकात १८९१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत ती क्रमशः आली. पण कशी? तर कापून, छाटून. अ‍ॅलेकने टेसला नासवल्याचा प्रसंग काढला आणि त्याऐवजी त्याने खोटे लग्न लावून तिला फसवल्याचा देखावा घातला. मूल आणि त्याचा बाप्तिस्मा गाळला. इतकेच काय, पाणी साचलेल्या रस्त्यातून एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, तेही चालेना. साप्ताहिकात त्याने त्यांना ढकलगाडीत बसवून नेले!

हसू येते खरे, पण पाहा, ह्या बदलांनी गोष्टीचे काय झाले. खोट्या लग्नाने फसलेली टेस आणि लग्नाचे नावही नसताना नासवली गेलेली टेस ह्या दोन निराळ्या बायका आहेत. पहिलीला समाज "बिचारी फसली" म्हणून सोडून देईल. दुसरीला क्षमा करायची तर समाजाला आपले मापच बदलावे लागेल. साप्ताहिकाच्या वाचकाला हा अवघड प्रश्न पडलाच नाही. तो विचारण्यापूर्वीच काढून घेतला होता.

हार्डीने मात्र काढलेले तुकडे टाकून दिले नाहीत. बाप्तिस्म्याचा भाग त्याने १८९१ च्या मे महिन्यात एका मासिकात स्वतंत्रपणे छापवून घेतला, रात्रीच्या नाचाचा आणि रानातला भाग नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या एका पत्रात दिला. त्याच नोव्हेंबरात तीन खंडांचे पुस्तक निघाले, त्यात मूळ गोष्ट बहुतेक पूर्ववत झाली. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की पुस्तकाच्या सुरुवातीलाच हार्डीने एक छोटे निवेदन जोडले. कादंबरीचा मोठा भाग अमुक साप्ताहिकात काही फेरफारांसह आला होता, काही प्रकरणे अमुक ठिकाणी आली होती, आता सगळे अवयव एकत्र जोडले आहेत, असे त्याने सांगितले आणि त्या संपादकांचे आभार मानले. पुढे १९१२ च्या आवृत्तीत नाचाची आणखी थोडी पाने परत घातली, तेव्हाही त्याने ते प्रस्तावनेत नोंदवले.

त्यामुळे झाले काय? साप्ताहिक वाचलेल्या माणसाला पुस्तक हाती आल्यावर कळले, की आपण वाचले ते खोटे नव्हते पण अपुरे होते. त्याच्या आठवणीचा अपमान झाला नाही. उलट, आपल्यापासून काय लपवले गेले आणि का, याचा तो विचार करू लागला. निवेदन पानभरसुद्धा नाही, पण काम केवढे!

तिसरे उदाहरण आपल्या देशातले. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८७२ साली ‘बंगदर्शन’ हे मासिक काढले आणि त्यांच्या कितीतरी कादंबऱ्या त्यातूनच क्रमशः आल्या. ‘इंदिरा’ ही तेव्हा लहानशी गोष्ट होती. वीस वर्षांनी, १८९३ साली, त्यांनी ती वाढवून मोठी केली आणि पुस्तकाच्या सुरुवातीला, ही इंदिरा लहान होती ती आता मोठी झाली, असे हसतखेळत सांगूनही टाकले. लहान मुलगी वाढते त्यात नवल काय, असा त्यांचा सूर आहे. वाढवलेली गोष्ट वाढवलेली म्हणून वाचकाच्या हाती दिली की तक्रारीला जागा उरत नाही.

पण ‘कृष्णकांतेर उइल’, म्हणजे कृष्णकांताचे मृत्युपत्र, ह्या कादंबरीतला बदल असा हसतखेळत घेण्यासारखा नाही. गोविंदलाल आपल्या भ्रमर नावाच्या बायकोला सोडून रोहिणी ह्या विधवेच्या मागे लागतो. पुढे रोहिणी त्याच्याच हातून मारली जाते. इकडे भ्रमर झुरून मरते. आता गोविंदलालचे काय? मासिकातल्या गोष्टीत आणि १८७८ साली निघालेल्या पुस्तकात तो बारुणी नावाच्या तळ्यात जीव देतो. ज्या तळ्यातून त्याने एकदा बुडणाऱ्या रोहिणीला वर काढले होते, तेच हे तळे. पुढच्या आवृत्तीत बंकिमचंद्रांनी हा शेवट फिरवला. गोविंदलाल मरत नाही. तो घर सोडून जातो आणि बारा वर्षांनी संन्यासी होऊन परत येतो, मन शांत झालेला.

श्रोते हो, ह्यात कोणता शेवट खरा? पहिल्यात पापाचे प्रायश्चित्त मरणाने झाले. दुसऱ्यात माणसाला जगावे लागले आणि जगता जगता बदलावे लागले. एकाच लेखकाने आधी एक आणि नंतर दुसरा निकाल दिला. जुनी प्रत वाचलेला मनुष्य म्हणेल, "तो बुडून मेला." नवी वाचलेला म्हणेल, "छे, तो संन्यासी झाला." दोघेही पुस्तकाला धरूनच बोलताहेत. आवृत्ती निराळी आहे एवढे माहीत नसेल तर मात्र दोघे एकमेकांना खोटे ठरवतील. शाळेत असे झाले तर बिचाऱ्या एका मुलाचे गुण जातील!

कधी कधी सुधारणा वाचकामुळे होते. डिकन्सचेच आणखी एक उदाहरण घ्या. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ ह्या काळात मासिकातून आली. त्यात पोरांना चोरी शिकवणारा फॅगिन हा ज्यू आहे, आणि नावाऐवजी शेकडो वेळा त्याला नुसते ‘ज्यू’ असेच म्हटले आहे. जणू त्याची जात हाच त्याचा दुर्गुण. १८६३ साली एलायझा डेव्हिस नावाच्या ज्यू बाईने डिकन्सला पत्र लिहून, आमच्या साऱ्या समाजावर हा अन्याय आहे, असे कळवले. डिकन्सने आधी आपली बाजू मांडली. पण बोल त्याच्या मनाला लागला असावा. लगेचच्या कादंबरीत त्याने एक सज्जन ज्यू म्हातारा रंगवला आणि १८६७ च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला तो शब्द पुष्कळ ठिकाणी काढून फॅगिनचे नाव किंवा ‘तो’ असे घातले. मूळ मजकूर छापल्यावर जवळजवळ तीस वर्षांनी! म्हणजे छापून गेले म्हणून दगडावरची रेघ झाली असे लेखकाने समजू नये, आणि आता बोलून काय उपयोग असे वाचकानेही समजू नये.

तर सुधारणेची कारणे अशी तीन दिसतात. बाहेरच्या दडपणाने कापलेले परत घालायचे असते, लेखकाचे स्वतःचे मत पालटते, किंवा वाचकाचे दुखावलेले मन त्याला दिसते. तिन्ही कारणे योग्य आहेत. पण कारण कितीही चांगले असले तरी बदल गुपचूप करणे योग्य नाही. सावकाराच्या वहीत आकडा चुकला तर तो दुरुस्त करायलाच हवा. पण खाडाखोड दिसू नये म्हणून पानच बदलले, तर आकडा बरोबर असूनही वहीवरचा विश्वास जातो. गोष्टीचे तसेच आहे.

आणि ही काळजी आज अधिक घ्यायला हवी. पूर्वी लेखकाने गोष्ट फिरवली तरी जुना अंक कोणाच्या तरी फडताळात शिल्लक राहत असे. ‘ग्राफिक’चे आणि ‘बंगदर्शन’चे जुने अंक राहिले, म्हणूनच वर सांगितलेले फरक आपल्याला कळतात. आता गोष्टी मोबाइलच्या पडद्यावरही क्रमशः येतात. तेथे जुने प्रकरण पुसून त्याच जागी नवे ठेवणे हे पाटीवरचे अक्षर पुसण्याइतके सोपे आहे. काल वाचलेले आज सापडत नाही आणि वाचकाला वाटते, आपलीच आठवण दगा देते आहे.

म्हणून ज्यांना लिहिण्याची आवड आहे, शाळेचे हस्तलिखित किंवा गावचे वार्षिक जे काढतात, त्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. शुद्धलेखनाच्या चुका, गळलेली अक्षरे, इकडेतिकडे झालेली नावे मुकाट्याने दुरुस्त करायला हरकत नाही. पण प्रसंग, पात्राचा स्वभाव किंवा शेवट बदलला, तर आरंभी तसे सांगावे. गोष्ट प्रथम कुठे आणि केव्हा आली, आता साधारण काय बदलले, एवढे दोनचार ओळींत पुरते. शेवट काय आहे ते तेथे फोडू नये, फक्त तो बदलला आहे असे म्हणावे. जुनी प्रत नष्ट करू नये. वाचनालयात, शाळेच्या कपाटात, निदान स्वतःजवळ ती तारीख घालून ठेवावी. आणि गोष्ट अर्ध्यावर असेल तर आधी ती पुरी करावी, मग सुधारायला बसावे. अर्धी गोष्ट तीनदा सुधारणाऱ्याची गोष्ट बहुधा अर्धीच राहते.

गुरुजनांना एक सूचना. पुस्तक हाती आले की मुले थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारतात. त्यांना आधीचे एक पान वाचायला शिकवा. ‘पहिली आवृत्ती’, ‘दुसरी, सुधारून वाढवलेली आवृत्ती’, ‘पुनर्मुद्रण’ असे शब्द तेथे असतात. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. सुधारलेली आवृत्ती म्हणजे मजकुराला हात लागला. एवढा फरक पाचवीच्या मुलालाही कळतो. वरच्या वर्गात एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गोविंदलालची हकीकत शेवटापर्यंत सांगा आणि थांबा. मग दोन्ही शेवट सांगा आणि विचारा, ह्यातला कोणता शेवट आधीच्या गोष्टीतूनच उगवल्यासारखा वाटतो? आणि का? कोणता ‘बरोबर’ असे विचारू नका. मुले आपोआप मागची पाने चाळू लागतील, आणि वाचनाचे खरे शिक्षण तेथे सुरू होईल.

आपल्या मराठीत तर सुधारलेल्या पोथीचा फार मोठा दाखला आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे ती हातांनी उतरून घेतली जात होती. हात बदलले तसे पाठही बदलत गेले. पैठणच्या एकनाथमहाराजांनी अनेक पाठ पाहून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आता नाथ काही मूळ ग्रंथकार नव्हते. त्यांना आपले मत घालायचे नव्हते, दुसऱ्याचे मूळचे शब्द परत मिळवायचे होते. तरीसुद्धा त्यांनी काम गुपचूप केले नाही. शेवटी जोडलेल्या ओव्यांत शक सांगितला, संवत्सर सांगितले, आपले नाव सांगितले. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरामुळे त्यात बिघाड झाला म्हणून तो शोधून घेतला, हे कारण सांगितले. आणि ह्यापुढे कोणी ज्ञानेश्वरीत पदरची ओवी घालू नये, अशी ताकीदही देऊन ठेवली. भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती ह्याच कामाची आठवण म्हणून.

कोणी बदलले, केव्हा बदलले, का बदलले. नाथांनी ह्या तीन प्रश्नांची उत्तरे चारसहा ओव्यांत दिली. आपली गोष्ट लहान असो की मोठी, सुधारून पुन्हा लोकांपुढे ठेवताना तेवढी उत्तरे आपणही द्यावीत. आणि वाचणाऱ्यांनो, ती उत्तरे दिसली नाहीत तर विचारायला भिऊ नका. चिमणीचे घर मेणाचे होते हे ज्याला आठवते, त्याला विचारण्याचा हक्क आहे.